ती काहून नाही ओरडली? : देसाईगंज ते हेग

आलापल्लीच्या विहारात पोरांची बैठक होती. विषय होता अत्याचाराचे खटले आणि आपली कामं. बोलता बोलता देसाईगंजचा जुना खटला निघाला. तेव्हा एक पोरगा म्हणाला, "सारं खरं आहे दादा, पण ते पोट्टी ओरडली काहून नाही?"

विचारणारा पोरगा वाईट नाही. चळवळीतला आहे. चौदा एप्रिलला रात्र रात्र जागून पताका बांधणारा आहे. पण प्रश्न टाकला आणि सगळे गप्प बसले. कोणाला उत्तर सुचेना. मागे भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी माय तेवढी बोलली, "रातच्याले ठान्यात कधी एकटा गेला का रे बापू?"

त्या माऊलीला कायदा ठाऊक नाही. पण तिने एका वाक्यात जे सांगितलं, ते समजायला या देशाच्या सुप्रीम कोर्टाला फार वेळ लागला आणि जगाच्या कोर्टाला त्याहून जास्त. म्हणून हा इतिहास लिहितो. कारण त्या पोराचा प्रश्न त्याचा एकट्याचा नाही. तो प्रश्न १९७८ साली दिल्लीत न्यायासनावर बसला होता.

१

देसाईगंज म्हणजे वडसा. आपल्या आलापल्लीहून निघालं तर आष्टी, चामोर्शी, गडचिरोली, आरमोरी करत जिल्ह्याच्या पार वरच्या टोकाला जावं लागतं. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता. २६ ऑगस्ट १९८२ ला तो वेगळा झाला. तोवर सिरोंचापासून वडशापर्यंत सगळं चंद्रपूरच.

२६ मार्च १९७२ ची रात्र. एक आदिवासी पोरगी. आईबाप मेलेले. भावाजवळ राहायची, दोघंही मजुरी करून पोट भरायचे. ज्या घरी ती कामाला जायची, तिथल्या नात्यातल्या एका पोराशी तिचं जुळलं. लग्न करायचं ठरलं. भावाला ते पसंत पडलं नाही. बहिणीला पळवून नेली अशी तक्रार त्याने ठाण्यात दिली. पोलिसांनी सगळ्यांना बोलावलं. रात्री नऊच्या सुमारास मंडळी ठाण्यात आली. जबान्या झाल्या. साडेदहाच्या सुमारास हेड कॉन्स्टेबल जेवायला घरी गेला. सगळे निघाले. तेव्हा ठाण्यातल्या दोन शिपायांनी बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं आणि तिला थांबवून घेतलं. दिवे गेले, दार लागलं.

तिची फिर्याद अशी की एका शिपायाने तिच्यावर बलात्कार केला आणि दुसऱ्याने अंगाला हात घातला. तो दारू प्यालेला होता. बाहेर तिचे लोक उभे होते. हाका मारत होते. आतून उत्तर नाही. माणसं गोळा झाली, जमाव चिडला, ठाणं जाळण्याची भाषा सुरू झाली. हेड कॉन्स्टेबल धावत आला. त्यानंतर तिची फिर्याद लिहिली गेली. जमाव नसता तर लिहिली गेली असती का? ज्याने त्याने आपल्या ठाण्याकडे बघून उत्तर द्यावं.

डॉक्टरी तपासणी झाली दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता. जवळपास वीस तासांनी. अंगावर जखम सापडली नाही. वय चौदा ते सोळा असं डॉक्टरने लिहिलं.

हे वय ध्यानात ठेवा मित्रांनो. तेव्हाचा कायदा म्हणत होता, सोळा वर्षांखालच्या मुलीची संमती ही संमतीच नाही. म्हणजे ती सोळाच्या आत ठरली असती तर ओरडली की नाही ओरडली हा सवालच उरला नसता. पण आईबाप नसलेल्या मजूर पोरीच्या जन्माचा दाखला कुठून आणणार? जिच्या जन्माची नोंद या व्यवस्थेने कधी केली नाही, तिचं वय संशयित ठरलं. आणि संशयाचा फायदा कोणाला मिळतो? आरोपीला. नोंद न ठेवणारं सरकार, आणि नोंद नसल्याचा फायदा सरकारच्या शिपायाला. कायद्याच्या पुस्तकात हा खटला 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने आहे. ते शिपायाचं नाव. लोकांच्या तोंडी मात्र तो 'मथुरा खटला' आहे. खटल्याची ओळख पटावी म्हणून एवढंच. पुढे मी तिला 'ती' म्हणणार आहे. तिचं नाव आपण फार वापरून घेतलं आहे.

२

आता तीन कोर्टं पाहू.

पहिलं सेशन्स कोर्ट. १ जून १९७४ ला दोघेही सुटले. न्यायाधीशाने तिला धादांत खोटारडी ठरवलं. तिला आधीपासून शरीरसंबंधाची सवय होती, हे त्याने डॉक्टरी अहवालावरून काढलं. मग तर्क लढवला, की आपल्या होणाऱ्या नवऱ्यासमोर सती ठरावं म्हणून तिने बलात्काराची गोष्ट रचली असावी. संबंध आला असेलही, पण संबंध वेगळा आणि बलात्कार वेगळा, असा कीस काढला. म्हणजे खटला शिपायांवर चालला आणि शिक्का बसला पोरीच्या चारित्र्यावर.

दुसरं कोर्ट आपलं नागपूरचं. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने १२ ऑक्टोबर १९७६ ला हा निकाल उलटवला. खंडपीठाने साधी गोष्ट पाहिली. हे दोघे शिपाई तिला पूर्ण अनोळखी. रात्रीची वेळ. जागा पोलिस ठाणं. अशा ठिकाणी एवढीशी पोर आपणहून पुढाकार घेईल हे संभवतच नाही. आणि भीतीने, धाकाने अंग टाकून देणं म्हणजे राजीखुशी नव्हे. गप्प राहणं आणि हो म्हणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाला पाच वर्षं, दुसऱ्याला एक वर्ष सजा झाली.

नागपूरने १९७६ साली काय म्हटलं, हे लक्षात असू द्या. पुढे हेगला गेल्यावर लागणार आहे.

तिसरं कोर्ट दिल्लीचं. १५ सप्टेंबर १९७८. जसवंत सिंग, कैलासम आणि कोशल हे तीन न्यायमूर्ती. त्यांनी दोघांनाही सोडलं. कारणं ऐका. अंगावर जखम नाही, म्हणजे प्रतिकार केला नाही. जे झालं ते शांततेत झालं. ओरडली म्हणते ते खोटं. शिपायाने हात धरला तेव्हा तिची माणसं जवळच होती, मग हात झिडकारून हाक का मारली नाही? मृत्यूची किंवा इजेची भीती घातल्याचा पुरावा नाही, म्हणून ती भीतीपोटी गप्प राहिली असं धरता येत नाही.

तिन्ही न्यायमूर्तींना एक दिसलं नाही. ते ठाणं होतं. जिथे तिच्या भावाने तक्रार दिली, जिथे तिच्या भावी नवऱ्याला आरोपी म्हणून उभं केलं होतं, तिथला शिपाई तिचा हात धरत होता. हात झिडकारायचा तो कोणाचा? सरकारचा? हाक मारायची ती कोणाला? पोलिसांना? गावात अत्याचार झाला तर माणूस ठाण्यात पळतो. ठाण्यातच झाला तर पळायचं कुठं? जंगलपट्टीत खाकी कपडा म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. पोलिसाचा असो, जंगलखात्याच्या गार्डाचा असो, खाकी आली की पाड्यावरची बाई आधी लेकरू आत घेते. ही भीती पिढ्यांची आहे. ती मोजायला कोर्टाजवळ माप नव्हतं. कोर्टाजवळ एकच माप होतं, जखमेचं.

३

इथे आपण आपल्याकडेही बघू.

१९७२ सालचा उन्हाळा आठवा. बावड्याचा बहिष्कार, परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावला आपल्या बायांची झालेली विटंबना, यातून रक्त तापलं आणि २९ मे १९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली. पंधरा ऑगस्टला 'साधने'च्या अंकात राजा ढाल्यांनी दलित बाईच्या लुगड्याला हात घालणाऱ्याची सजा आणि झेंड्याचा अपमान करणाऱ्याची सजा शेजारी शेजारी ठेवली, आणि महाराष्ट्र हादरला. बरोबरच केलं. पण देसाईगंजची रात्र त्या मे महिन्याच्या दोनच महिने आधीची. ती मुंबईला पोचली नाही. पुण्याला पोचली नाही. ठाण्यासमोर जमलेली माणसं आपापल्या घरी गेली, आणि पुढची सात वर्षं ती पोर तीन कोर्टांत एकटी होती.

ती जगाला कळली कशी? एका कायद्याच्या प्राध्यापकाने निकालांच्या छापील खंडात तो निकाल वाचला म्हणून. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, आणि पुण्याचे वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर, या चौघांनी १६ सप्टेंबर १९७९ ला सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. संमती असेल तिथे शरण जाणं असतंच, पण शरण गेली म्हणजे संमती होती असं उलटं होत नाही, एवढा साधा मुद्दा. पोरीचं वय, गरिबी, तिचं आदिवासी असणं, ठाण्यातली रात्र, यांचा विचार कोर्टाने कुठे केला, असं त्यांनी विचारलं. ८ मार्च १९८० ला मुंबई, दिल्ली, नागपूर, पुणे, हैदराबाद इथे बाया रस्त्यावर आल्या. खटला पुन्हा उघडा म्हणून अर्ज झाले. सुप्रीम कोर्टाने ते फेटाळले.

पण रेटा वाया गेला नाही. १९८३ साली फौजदारी कायदा बदलला. पुराव्याच्या कायद्यात ११४-अ कलम आलं: पोलिस कोठडीत, सरकारी नोकराच्या ताब्यात असलेल्या बाईशी संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि तिने कोर्टात सांगितलं की माझी संमती नव्हती, तर संमती नव्हती असंच कोर्टाने धरून चालायचं. ठाण्यात बलात्कार करणाऱ्याला किमान दहा वर्षं सजा. खटला बंद दाराआड. बाईचं नाव छापायला बंदी. हा कायदा २५ डिसेंबर १९८३ पासून लागू झाला. पंचवीस डिसेंबर म्हणजे काय, हे आपल्याला सांगावं लागत नाही. १९२७ साली त्याच तारखेला महाडला बाबासाहेबांच्या साक्षीने मनुस्मृती जळाली.

पण हा कायदा तिच्यासाठी मागे गेला नाही. दोन्ही शिपाई सुटलेलेच राहिले. देशाचा कायदा तिच्यामुळे बदलला, आणि तिला त्यातून एक दमडी, एक माफी, एक निकालसुद्धा मिळाला नाही.

४

आता जगाकडे येऊ. काही पोरं विचारतात, हेगचं कोर्ट आपल्या काय कामाचं? काम आहे. आपल्या तालुका कोर्टात आणि जगाच्या कोर्टात बाईला विचारले जाणारे प्रश्न फार काळ एकच होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५-४६ साली न्यूरेंबर्गला नाझींवर खटला चालला. लाखो पानं, शेकडो साक्षी. बलात्काराचा एकही स्वतंत्र आरोप नाही. टोकियोचा खटला १९४६ ते ४८ चालला. नानकिंगमधल्या बलात्कारांची नोंद निकालात आली, पण ज्या बायांवर ते झालं त्यांना बोलावून कोणी ऐकलं नाही. जपानी फौजेने कोरिया, चीन, फिलिपिन्सच्या बाया फौजी कुंटणखान्यांत कोंडल्या होत्या. त्यांचा तर उल्लेख करण्याजोगा खटलाच झाला नाही. कोरियाची किम हाक-सून १४ ऑगस्ट १९९१ ला पहिल्यांदा उघड बोलली. तोवर शेहेचाळीस वर्षं गेली होती.

१९४९ साली जिनिव्हा करार झाला. त्यात बायांचं संरक्षण आलं, पण शब्द काय आला? अब्रूवरचा हल्ला. बलात्कार म्हणजे अब्रू जाणं. आपल्या दंडविधानातला 'विनयभंग' याच घराण्यातला शब्द. आता ही अब्रू कोणाची? बापाची, नवऱ्याची, घराण्याची, जातीची. बाईच्या देहाला झालेली इजा नंतर. आणि जिच्या जातीला या समाजाने अब्रूच दिली नाही, तिची जाणार काय? मनूपासून चालत आलेला हिशेब हाच. देसाईगंजच्या पोरीला 'सवय होती' म्हणणाऱ्या न्यायाधीशाने हाच हिशेब मांडला होता.

हा हिशेब मोडायला सुरुवात झाली १९९३ नंतर. युगोस्लाव्हिया फुटला, बोस्नियात मुसलमान बायांवर ठरवून अत्याचार झाले. संयुक्त राष्ट्रांनी मे १९९३ मध्ये हेगला खास न्यायालय काढलं. १९९४ साली रवांडात तुत्सी लोकांची कत्तल झाली, त्याचं न्यायालय टांझानियातल्या अरुशाला बसलं. हेगच्या न्यायालयाने १९९४ मध्येच पुराव्याचा एक नियम केला, नियम ९६. बलात्काराच्या खटल्यात बाईच्या शब्दाला दुसऱ्या पुराव्याचा टेकू लागणार नाही. ती कोंडलेली असेल, धाकात असेल, तर संमतीचा बचाव चालणार नाही. तिचं आधीचं आयुष्य उकरायचं नाही. तिन्ही गोष्टी देसाईगंजच्या खटल्यात तिच्याविरुद्ध वापरल्या गेल्या होत्या.

रवांडात ताबा नावाच्या गावाचा महापौर होता अकायेसू. जीव वाचवायला बाया त्याच्या कचेरीच्या आवारात आसऱ्याला आल्या, आणि तिथेच त्यांच्यावर बलात्कार झाले. आसऱ्याची जागा तीच अत्याचाराची जागा. त्याच्या आरोपपत्रात सुरुवातीला बलात्काराचा शब्द नव्हता. १९९७ साली एक साक्षीदार बाई कत्तलीबद्दल सांगत असताना आपल्या सहा वर्षांच्या लेकीवरच्या बलात्काराचं बोलून गेली. वकिलांनी तिला ते विचारलंच नव्हतं. त्या न्यायासनावर तिघांत एकच बाई होती, नवनीतम पिल्ले. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या एका तमिळ बस ड्रायव्हरची लेक. न्यायाधीशांनी ते सुटू दिलं नाही, पुढे विचारलं. जूनमध्ये आरोपपत्र बदललं. २ सप्टेंबर १९९८ चा निकाल जगाच्या इतिहासात पहिला: बलात्कार हासुद्धा वंशसंहाराचं हत्यार ठरू शकतो. आणि जबरदस्तीला मारहाण लागत नाही, हत्यारबंद माणसं भोवती असणं हीच जबरदस्ती.

मग फोचा. बोस्नियातलं गाव. तिथल्या क्रीडागृहात आणि घरांत बाया-पोरी महिनोन्‌महिने कोंडल्या. कुनाराच नावाचा आरोपी म्हणाला, ती पोरगी आपणहून माझ्याजवळ आली. खरं असं होतं की याला खूश नाही केलंस तर मारून टाकीन, असं तिला दुसऱ्याने आधीच धमकावलं होतं. झांबियाच्या फ्लॉरेन्स मुंबा यांच्या अध्यक्षतेखालच्या न्यायासनाने २२ फेब्रुवारी २००१ ला त्याला दोषी ठरवलं. अपिलात बचावाच्या वकिलाने तेच जुनं काढलं, बाईने शेवटपर्यंत प्रतिकार केला पाहिजे. १२ जून २००२ ला अपील कोर्टाने ते साफ उडवून लावलं. कोंडलेल्या बाईकडून प्रतिकार मागणं कायद्यातही बसत नाही आणि अकलेतही बसत नाही.

आता नागपूर खंडपीठाचं १९७६ आठवा. शरण जाणं म्हणजे संमती नाही. जगाच्या अपील कोर्टाने हे सांगितलं ते सव्वीस वर्षांनी. दिल्लीने ते मधल्या काळात पुसून टाकलं होतं. म्हणून जेव्हा कोणी म्हणतं की हक्क वगैरे युरोपातून येतात, तेव्हा हसू येतं. देसाईगंजच्या मजूर पोरीने ठाण्याच्या पायरीवर उभी राहून जे सांगितलं, तेच हेगला पुढे तत्त्व म्हणून लिहिलं गेलं.

५

पण जगाचं कोर्ट म्हणजे देऊळ समजू नका. आपण देवळं सोडली आहेत.

हेगला फुरुंजिया खटल्यात एक बाई साक्षीला आली. तिने मनाच्या उपचारासाठी डॉक्टर गाठला होता, ते कागद बाहेर आले आणि त्यावरून खटला पुन्हा उघडला. बचाव म्हणाला, हिचं मन बिघडलं, हिच्या आठवणीवर भरवसा काय? १० डिसेंबर १९९८ ला कोर्टाने तिला मानलं खरं, पण तिच्या दुखण्याचा कागद तिच्याविरुद्ध वापरायची वाट तर दिसली. अरुशाला २००१ साली बुतारेच्या खटल्यात एका साक्षीदार बाईला बचावाच्या वकिलाने विचित्र, किळसवाणे प्रश्न विचारले. अंघोळ केली होती का इथवर. आणि न्यायाधीश हसले. पुढे न्यायालयाने खुलासा केला, ते वकिलाच्या प्रश्नाला हसले, बाईला नाही. पण साक्षीच्या पिंजऱ्यातल्या बाईला हसू कुठून आलं हे कसं कळणार? तिला फक्त हसणारी तोंडं दिसतात. रवांडातल्या वाचलेल्या लोकांच्या संघटनांनी त्या न्यायालयाशी सहकार्य थांबवलं. बरोबर केलं.

१७ जुलै १९९८ ला रोमला कायमच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा करार झाला, १ जुलै २००२ पासून तो लागू आहे. त्याचे नियम सांगतात, बाईच्या गप्प राहण्यावरून किंवा प्रतिकार न करण्यावरून संमती काढता येणार नाही. पीडितांना खटल्यात आपलं म्हणणं मांडायचा हक्क दिला, भरपाईचा निधी ठेवला. आपला देश रोमला मतदानात तटस्थ राहिला आणि त्या करारावर त्याची सही नाही. कायदा तिथेही कच खातो. काँगोच्या बेम्बाला मध्य आफ्रिकेतल्या बलात्कारांसाठी मार्च २०१६ मध्ये दोषी ठरवलं. जून २०१८ मध्ये अपिलात तो सुटला. हजारो पीडितांनी ज्या खटल्याकडे वाट पाहिली, तो हातातून गेला. दिल्लीतली १९७८ ची दुपार हेगलाही होऊ शकते.

६

आपल्या घरी काय झालं? २००३ साली बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवून साक्ष पाडायची जुनी मुभा पुराव्याच्या कायद्यातून काढली. २०१३ साली कायद्यात स्पष्ट लिहिलं गेलं की केवळ अंगाने प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं समजू नये. ३१ ऑक्टोबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाने बजावलं, की ती दोन बोटांची तपासणी कोणी करेल तर तो गैरवर्तनाचा दोषी. ज्या असल्या तपासणीच्या जोरावर १९७४ साली एका पोरीला 'सवयीची' ठरवलं, ती बंद करायला अठ्ठेचाळीस वर्षं लागली. २०२४ च्या जुलैपासून नवे फौजदारी कायदे आले. ११४-अ आता भारतीय साक्ष अधिनियमात १२० वं कलम झालं आहे.

कायदा सुधारला म्हणून जात सुटली का? आपल्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यात २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजी झालं. आई आणि लेक, दोघींवर काय झालं हे गावाने पाहिलं. खटल्यात बलात्काराचं कलम नाही. २००८ च्या निकालात ॲट्रॉसिटी कायदाही टिकला नाही. कोर्टाने खून पाहिला, जात पाहिली नाही, बाई पाहिली नाही. रवांडाच्या निकालाला तेव्हा दहा वर्षं झाली होती. एखाद्या जमातीला मोडायचं म्हणून तिच्या बायांवर हल्ला होतो, हे अरुशाला समजलं, भंडाऱ्याला समजलं नाही.

आता आपल्या आलापल्लीची गोष्ट. ११४-अ असो की १२०, सगळा कायदा एका वाक्यावर उभा आहे: बाईने कोर्टात सांगायचं की माझी संमती नव्हती. कोणत्या भाषेत सांगायचं? भामरागड, एटापल्लीकडची बाई माडिया बोलते, गोंडी बोलते. लिहिणारा मराठीत लिहितो. मध्ये दुभाषा कोण? ठाण्याच्या दारात उभा असलेला कोणीतरी. 'त्याने धरलं, मी घाबरली' याचं मराठीत 'मी त्याच्यासोबत गेली' असं व्हायला वेळ लागत नाही. अरुशाला रवांडाच्या बाईला तिच्या किन्यारवांडा भाषेत बोलता आलं, कानाला यंत्र लावून न्यायाधीशांनी ऐकलं. आपल्या बाईचं म्हणणं तिच्या भाषेतून जसंच्या तसं कागदावर येईल, याची सोय होते की नाही हे बघणं आपलं काम आहे. आपल्यात गोंडी, माडिया येणारी किती पोरं-पोरी आहेत? मोजा. ज्यांना येते त्यांनी कायद्याचे शब्द शिकावे. ज्यांना कायदा येतो त्यांनी गोंडी शिकावी. बौद्ध आणि आदिवासी यांची एकी भाषणात फार झाली, ती जबानीच्या कागदावर दिसू द्या.

आणि काही गोष्टी गाठीला बांधा. फिर्याद कुठल्याही ठाण्यात देता येते, आमची हद्द नाही हे उत्तर चालत नाही. जबानी बाई अधिकाऱ्याने लिहायची. फिर्यादीची नक्कल फुकट मिळते, मागून घ्यायची. सरकारी असो की खाजगी, दवाखान्याने पहिला उपचार फुकट आणि ताबडतोब करायचा. बाई दलित-आदिवासी असेल तर ॲट्रॉसिटीचं कलम पहिल्याच दिवशी लागलं का ते पहायचं. त्याच कायद्यात २०१६ पासून पीडित आणि साक्षीदारांचे हक्क वेगळे लिहिले आहेत. मनोधैर्य योजनेचा अर्ज भरायचा. तिचं नाव, गाव, फोटो कुठेही टाकायचा नाही. निषेधाच्या पत्रकावरसुद्धा नाही. फलकावरसुद्धा नाही.

हे शेवटचं जास्त महत्त्वाचं. आपण मोर्चा काढतो, तिचं नाव घोषणेत घेतो, निवेदन देतो, फोटो निघतो, आणि घरी येतो. ती मात्र त्याच गावात राहते. तारखांना एकटी जाते. देसाईगंजच्या पोरीच्या नावाने कायदा झाला, पुस्तकं झाली, भाषणं झाली. तारखेला तिच्यासोबत बसमध्ये कोण बसलं होतं? बाबासाहेब १९४२ साली नागपूरच्या परिषदेत बायांना सांगून गेले, समाज किती पुढे गेला हे मी त्या समाजातल्या बाया किती पुढे गेल्या यावरून मोजतो. १६ ऑक्टोबर १९५६ ला ते आपल्या चंद्रपूरला येऊन दीक्षा देऊन गेले. त्या मापाने आपलं काम मोजू.

त्या दिवशी विहारातल्या पोराला मी उत्तर दिलं नाही. मायने दिलं होतं. बैठक सुटल्यावर तो पोरगा तिच्याजवळ गेला आणि म्हणाला, "चुकलं माझं माय." ती म्हणाली, "चुकलं त मंग आता कोणी पोट्टी आली, त हे नको इचारू. पानी दे, बसाले जागा दे, आन् गप्प राहून आयक."

जय भीम.